‘गोमेकॉत सगळं फुकट, मग पैसे कशाला?’ म्हणणाऱ्यांना

‘ऑनलाइन मदतीच्या मोहिमा म्हणजे सगळा फ्रॉड. गोमेकॉत उपचार फुकट, वर सरकारचं कार्ड, मग पैसे लागतातच कशाला? जमलेले पैसे वेबसाइटवालेच खातात. ८०जीची पावती नाही म्हणजे खोटंच. एक रुपया देऊ नका, दहा ग्रुपवर पाठवा.’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या आत्येपर्यंत पोचला आणि वाड्यावरच्याच एका मुलासाठी काढून ठेवलेले पैसे तिने परत कपाटात टाकले. आता गप्प बसणं शक्य नाही.

सगळ्यात घातक वाक्य ‘फुकट’चं. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, गोमंतकीयांवर मोफत उपचार होतात, मान्य. पण ज्या कार्डाचा दाखला देतात, त्या गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला मर्यादा आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. तेही यादीतल्या उपचारांनाच. मुलाला घेऊन मुंबईला किंवा वेल्लोरला महिनाभर राहायचं, तर खोलीचं भाडं आणि बापाची बुडालेली मजुरी कुठल्या कार्डावर घालायची? दुर्मिळ आजार असला तर हिशेबच वेगळा. एसएमए या मुलांचे स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारावरच्या जीन थेरपीचा एक डोस १६ कोटींच्या घरात जातो. केंद्राच्या दुर्मिळ आजारांसाठीच्या २०२१च्या धोरणातली मदत, २०२२मध्ये वाढवूनही, ५० लाखांपर्यंतच. उरलेले कुणी द्यायचे? म्हणूनच त्या धोरणात सरकारनेच लोकवर्गणीची सोय केली आणि आरोग्य मंत्रालयाने त्यासाठी पोर्टल उघडलं. तिथे रुग्णाची नोंद केंद्राने नेमलेली रुग्णालयं करतात. सगळ्या मोहिमा फ्रॉड, तर हीसुद्धा फ्रॉडच म्हणायची का?

वेबसाइटवाले पैसे कापतात, यात तथ्य आहे. कुठे शुल्क असतं, कुठे देणगीवर ‘टिप’ आधीच टाकून ठेवलेली असते. ती शून्य करता येते, पण पर्याय असा दडवलेला असतो की घाईत दिसत नाही. ही लबाडीच आहे. तरी ‘सगळे पैसे खातात’ हे त्यातून निघत नाही.

८०जीबद्दल थोडक्यात: ती आयकरातली सवलत नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते. आजारी मुलाच्या बापाच्या खात्यात टाकलेल्या पैशांवर ती मिळणारच नाही. पावती नाही म्हणून तो बाप चोर ठरत नाही.

फसवणूक होते. पण ती कशी होते, हे त्या मेसेजमध्ये एका शब्दानेही नाही. भामट्याला खोटं मूल उभं करायची गरजच नसते. तो खऱ्या मोहिमेतला फोटो आणि रुग्णालयाचं खरं पत्र उचलतो, फक्त क्यूआर स्वतःचा लावतो. त्यामुळे पत्र खरं निघालं तरी पैसे भलतीकडे जातात. स्कॅन केल्यावर, पिन टाकण्याआधी, खातेदाराचं नाव येतं ते वाचा. ते आईबापाचं, रुग्णालयाचं किंवा मोहीम चालवणाऱ्या संस्थेचं नसेल तर तिथेच थांबा. पत्रावर रुग्णाचा नोंदणी क्रमांक, तारीख, डॉक्टरांची सही आणि खर्चाचा तपशील हवा. मग रुग्णालयाला फोन करा, मेसेजमधल्या नंबरवर नव्हे, त्यांच्या वेबसाइटवरच्या. आजाराची माहिती ते देणार नाहीत. या क्रमांकाच्या रुग्णाच्या नावे थेट पैसे भरता येतील का, एवढंच विचारा. भरताना तो क्रमांक लिहायला विसरू नका, नाहीतर रक्कम कुणाच्या नावे आली हे शोधण्यात दिवस जातात.

पैसे चुकीच्या हाती गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा; जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.