पेटीत नसलेलं कापड : सांग्याच्या सरांना उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तशीच तणतणत उत्तर लिहायला बसले. बरं झालं, वीज गेली. सकाळी ते लिहिलेलं वाचलं आणि पुसून टाकलं.

मागचा लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. पणजीतल्या एका कलासंग्रहालयात गोव्याच्या वेशभूषेचं प्रदर्शन लागलंय, त्यात कुणबी बायकांची कापडंही आहेत. (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी : आमच्याकडे कापड म्हणजे साडी.) ते बघून मी भरभरून लिहिलं. त्यावर सांग्याहून एका निवृत्त मास्तरांनी कळवलं : "बाई, कपडे अंगावर शोभतात, काचेत नाही. चित्रं-मूर्ती ठेवायच्या जागी कापडं टांगली आणि तुम्ही पंचारती ओवाळलीत. माझी आई हेच कुणबी कापड नेसून भाटकाराच्या (जमीनदाराच्या) शेतात राबली, तेव्हा तिच्याकडे बघायला कोणी तिकीट काढलं नाही. आता एसीत उभं राहून आमची गरिबी सुंदर दिसते का? हे सगळं मोठ्या घरच्यांचं कौतुक. आपल्या आजीची पेटी उघडा, तेवढं प्रदर्शन पुरे."

पेटी उघडली, सर. खरंच उघडली.

आजीची शिसवी पेटी आमच्या फोंड्याच्या घरात माळ्यावर असते. झाकण उचललं की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास, मग आजी आठवते. अगदी तळाशी तिचं अंजिरी रंगाचं रेशमी लुगडं होतं, चाळीसेक वर्षं पुन्हा पुन्हा त्याच घडीवर ठेवलेलं. दोन्ही हातांनी अलगद उलगडायला गेले तर घडीच्या रेषेवर उभंच्या उभं चिरलं. आवाजसुद्धा झाला नाही. काठाची जर काळी पडलेली, बोटांना कसलीशी पूड लागली. आमच्याकडे दर वर्षी पाऊस सरला की पेटीतले कपडे अंगणात उन्हाला घालायचे, ही रीत. त्या मायेनेच घात केला. रेशीम उजेडाने कमकुवत होतं आणि एकदा उडालेला रंग परत येत नाही. म्हणून जुनी वस्त्रं मांडतात तिथे उजेड साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) ठेवतात, एरवी घड्या न घालता नळीवर गुंडाळतात. प्रदर्शनातल्या अंधाराला मी मागच्या लेखात 'गूढ वातावरण' म्हणून बसले होते! गूढ-बिढ काही नाही, रंग टिकवायची खटपट आहे ती.

पण तुम्हाला सांगायचं ते वेगळंच आहे. पेटीत अकरा लुगडी निघाली. सगळी आजीची. आमचं घर भाटकाराचं, ते लपवून काय करू? आमच्या शेतात लावणीला, कापणीला कुणबी बायका यायच्या. मी लहानपणी त्यांना पाहिलंय : गुडघ्याच्या जरा खाली येणारं तांबडं चौकडीचं कापड, खांद्यावर गाठ, दोन्ही हात मोकळे. (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी : आमच्याकडे कापड म्हणजे साडी.) त्यांच्यापैकी एकीचंही कापड आमच्या पेटीत नाही, आणि असण्याचं कारणही नाही. मग ते त्यांच्या तरी पेटीत असेल का? आमच्याकडे काजूच्या दिवसांत बोंडू गोळा करायला येणाऱ्या आजींना मी विचारलं. त्या हसल्याच. दोन कापडं असायची, एक अंगावर, एक दांडीवर. विरलं की त्याची वाकळ, वाकळ फाटली की पोतेरं. ठेवायला उरणार काय?

म्हणून तुमचं 'आजीची पेटी पुरे' मला पटत नाही. माझ्या आजीपुरती ती पुरते. तुमच्या आईसाठी कुठली पेटी?

त्या प्रदर्शनात एकच जुनं कुणबी कापड आहे. बाकीची दोन नवी, हातमागावर विणून घेतलेली. जुन्यासमोर मी बराच वेळ उभी होते, आणि गरिबी सुंदर दिसते म्हणून नव्हे. त्याच्या पदरापाशी बोटभर लांबीचं ठिगळ आहे, तांबड्याच कापडाचं, पण त्या तांबड्याची छटा जरा निराळी. चौकडीची पांढरी रेघ ठिगळावरून नीट पुढे जावी असं जुळवून लावलंय. कोणीतरी दिवसभर चिखलात उभं राहून आल्यावर, दिव्याच्या उजेडात ते जुळवलं असेल. खांद्याच्या गाठीपाशी सूत इतकं विरलंय की आरपार दिसतं. त्याच दालनातल्या एका तैलचित्रापुढे मी दोन मिनिटंही थांबले नाही.

तुमचा राग मात्र एका जागी अगदी बरोबर बसतो, आणि ती जागा माझ्या नजरेतून निसटली होती. त्या कापडाखालच्या पाटीवर लिहिलंय : 'कुणबी साडी, सुती, विसावे शतक'. बस्स. शेजारच्या दालनात आजच्या डिझायनरांचे पोशाख आहेत. तिथे नाव, साल, कुठल्या संग्रहासाठी केलं, सगळं आहे. पाट्या सगळ्या इंग्रजीत. कोकणीत नाही, मराठीत तर नाहीच. ठिगळ लावणारीचं नाव कोणी विचारून ठेवलं नाही. आणि मी त्यावर एवढं लिहिलं, तर मला तरी कुठे ते खटकलं? ही माझी चूक, आणि ती कबूल.

आणखी एक. पुतळ्याला त्यांनी कापड नेसवलंय तेही जरा थाटातच. मोबाइलवरचा फोटो त्या काजूवाल्या आजींना दाखवला. बघून म्हणाल्या, "हें कोणें न्हेसयलां? हें न्हेसून वांकूंक मेळचें ना." (हे कोणी नेसवलंय? हे नेसून वाकता येणार नाही.) गाठ फार वर आणि आखूड, नाचणाऱ्या बाईची. पुढचं त्यांना सांगायला लावलं तर फोटो बाजूला सारून त्यांनी मला काजूचा दर विचारला.

आता चित्रं-मूर्तींच्या जागी कपडे का, हा मुद्दा. हा वाद काही आपल्या दोघांचा नाही. १९८३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ईव्ह सँ लोराँ या तेव्हा हयात असलेल्या फ्रेंच डिझायनरचं प्रदर्शन भरलं, तेव्हाही हे संग्रहालय की दुकान असा गदारोळ झाला. २००० साली तिथल्याच गुगनहाइम संग्रहालयात अर्मानी या इटालियन डिझायनरचे कपडे लागले आणि त्याने संग्रहालयाला मोठी देणगी दिल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा तर फारच. पैसे घेऊन भिंती भाड्याने देणं वाईटच, तिथे मी तुमच्या बाजूची. पण अहमदाबादचं कॅलिको संग्रहालय १९४९ पासून कापडच दाखवतंय, तिथे कोणी चित्र कुठे म्हणून विचारत नाही.

आणि कपडा ही क्षुल्लक गोष्ट असती तर १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने (पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाने) हुकूम काढून ख्रिस्ती पुरुषांना हिंदूंसारखं पुडवें (धोतर) नेसायला आणि बायकांना चोळी घालायला बंदी कशाला केली असती? ज्या सत्तेकडे तुरुंग होते तिला एका चोळीची एवढी धास्ती. पुढे ख्रिस्ती घरांतला पानो-बाजू आला, खाली लुंगीसारखं वस्त्र, वर जरीकाम केलेला सैल झगा, मांडो हा गोव्याचा गाण्यावरचा नाच नाचताना आजही घालतात. त्यातला 'बाजू' हा शब्दच मलायाकडचा. तो पोशाख या प्रदर्शनात कुणबी कापडाच्या बरोबर समोर ठेवलाय, आणि तेवढ्या मांडणीसाठी मी त्या लोकांना मानते. एकीवर जर, एकीवर ठिगळ, दोघीही इथल्याच.

गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांचं नाव तुम्ही काढलं नाहीत, पण 'मोठ्या घरच्यांचं कौतुक' म्हणालात तेव्हा मला ते आठवले. कुणबी साडी रॅम्पवर नेली म्हणून त्यांच्यावरही टीका झालीच असेल. तरी हे विणकाम बंद पडत आलं असताना त्यांनी ते पुन्हा विणून घेतलं, गोव्याच्या वेशभूषेच्या इतिहासावर मोठं पुस्तक लिहिलं, कोलवाळच्या आपल्या जुन्या घराचंच वेशभूषेचं संग्रहालय करायला घेतलं. १२ फेब्रुवारी २०२० ला ते गेले. रॅम्पचं मला फारसं कळत नाही. पण ते नसते तर प्रदर्शनातली ती दोन नवी कापडं कुठून आली असती, हे सांगणं कठीण.

काल पुन्हा पणजीला गेले होते. अभिप्रायाच्या वहीत दोन गोष्टी लिहून आले : पाट्या कोकणी-मराठीत हव्यात, आणि कुणबी कापड नेसलेल्या, अजून हयात असलेल्या बायकांना बोलावून त्यांच्याकडून नेसवून घ्या. काउंटरवरच्या मुलीने 'सरांना दाखवते' म्हटलंय. बघू.

आता एक मागणं. तुमच्या आईचं कापड घरात कुठे उरलं असेल, उशीचा अभ्रा म्हणून, वाकळीचा तुकडा म्हणून, तर कृपा करून ते धुऊ नका, उन्हातही घालू नका. सुती पांढऱ्या फडक्यात सैल गुंडाळा आणि सोबत कागदावर आईचं नाव, गाव, लग्नाचं साल लिहून ठेवा. प्रदर्शन अजून महिनाभर आहे. काकूंना घेऊन या; रविवारी आलात तर मी कदंब बसस्टँडवर घ्यायला येते. जिना चढावा लागत नाही, लिफ्ट आहे. तिकीट माझ्याकडून, आणि त्यावरही तुम्ही रागावणार हे मला ठाऊक आहे.