रेड अलर्ट नेमका कुणाच्या गल्लीत?

उत्तर टेक्सस आणि वर ओक्लाहोमात सध्या सगळीकडे एकच विषय आहे: शनिवार-रविवारी येऊ घातलेली वादळं. एप्रिल-मे हा इथला वळवाचा मोसम. दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा वर सरकते (इथल्या सरकारने २०२५ मध्ये त्या आखाताचं नाव बदललं, घामाला अजून कळलेलं नाही). पश्चिमेच्या कोरड्या पठारावरून तापलेली हवा येते आणि दोन्ही भिडतात त्या रेषेवर दुपारनंतर ढग उभे राहतात. त्यातून लिंबाएवढ्या गारा, कधी टोर्नेडो. ढगांची रांग एकाच गावावरून एकामागून एक जात राहिली, तर पूर. डॅलसच्या आसपासची जमीन काळी आणि चिकण. उन्हाळ्यात भेगाळते, पण एकदा भिजली की पाणी पीत नाही.

हा अंदाज मी घरच्या ग्रुपवर टाकला. ठाण्याच्या नौपाड्यातून दादाचं उत्तर आलं, "तुमच्याकडे सांगितलं तसं पडतं तरी! आमच्याकडे रेड अलर्ट आला की पोरं क्रिकेटला जातात." वहिनीचं दुखणं वेगळं. शाळेला सुट्टी असल्याचा मेसेज येतो तो सकाळी डबे भरून झाल्यावर, आणि मग दिवसभर लख्ख ऊन. खारघरच्या मामेबहिणीने हसण्याचे चार इमोजी टाकले. ठाण्यात पावसाळ्याच्या तोंडावर हा वाद दर वर्षी रंगतो. एक पक्ष म्हणतो, वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवा. दुसरा म्हणतो, खबरदारी घेतलेली बरी, एक दिवस शाळा बुडाली तर आभाळ कोसळत नाही.

माझ्या मते दोन्ही पक्ष भलत्याच प्रश्नावर भांडताहेत. अंदाज खरा ठरला की खोटा, हे नंतर बघू. आधी विचारा, तो कुणासाठी होता?

इथे सांगितलं तसं पडतं, हा दादाचा गैरसमज. इथल्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या अतिवृष्टीच्या नकाशावर चार पायऱ्या असतात. सगळ्यात खालची किमान ५ टक्क्यांची, मग १५, ४० आणि सगळ्यात वरची ७० टक्क्यांची. १५ टक्के म्हणजे तुमच्यापासून साधारण ४० किलोमीटरच्या आत कुठेतरी एकदम पूर यावा इतका पाऊस पडण्याची तेवढी शक्यता. म्हणजे बहुतेक वेळा काहीच घडत नाही, आणि लोक इथेही खात्याची टर उडवतात. फरक एवढाच की आकडा आधीच सांगितलेला असतो, त्यामुळे "खोटं बोलले" असं कुणाला म्हणता येत नाही. आपल्या महापालिकांना टक्क्यांत बोलायचं वावडं आहे असंही नाही. मे संपता संपता नालेसफाई किती टक्के झाली ते त्या छातीठोकपणे सांगतात.

पण टक्के हाही खरा मुद्दा नाही. खरा मुद्दा जागेचा आहे. अमेरिकेत पूर्वी वादळाचा इशारा अख्ख्या काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या तुकड्याला देत. ऑक्टोबर २००७ पासून ते बंद झालं. आता रडारपुढे बसलेला माणूस वादळाच्या वाटेवर नकाशात एक वेडीवाकडी चौकट आखतो आणि इशारा त्या चौकटीपुरता असतो. चौकटीतले फोन किंचाळतात, पलीकडचे गप्प राहतात. माझ्या ऑफिसातल्या बाईंच्या घरी फोन वाजतो आणि माझ्या घरी वाजत नाही, असं सर्रास होतं. म्हणूनच वाजला की लोक उठतात.

आता ठाणे जिल्हा बघा. पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला, तरीही एका टोकाला मीरा-भाईंदरची खाडी आणि दुसऱ्या टोकाला माळशेज घाटाच्या पायथ्याचा मुरबाड आणि कसाऱ्यापर्यंतचा शहापूर. डोंगराला अडून मुरबाडला धो धो कोसळतं तेव्हा घोडबंदर रोडवर नुसतं मळभ असू शकतं. अलर्ट मात्र सगळ्यांना एकाच रंगाचा. त्याहून गंमत नवी मुंबईची. हार्बर लाइनवर बेलापूरनंतरचं स्टेशन खारघर. बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडमध्ये. रायगडला रेड आणि ठाण्याला ऑरेंज असेल, तर लोकल एका स्टेशनात रंग बदलते. ढगाला ही हद्द कुणी दाखवलेली नाही.

आणि पाऊस किती तुकड्यातुकड्यांत पडतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३. एकाच शहरात! तरीही आजचं तात्काळ अंदाजाचं पत्रक "पुढील तीन तासांत ठाणे, मुंबई, रायगड जिल्ह्यांत तुरळक ठिकाणी" असंच येतं. ते तुरळक ठिकाण आपलं आहे का, हे ज्याने त्याने खिडकीतून बघून ठरवायचं.

दुसरं असं की आपले रंग मुळात प्रशासनाशी बोलतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कामाला लागा. पाऊस पडणार का, हे आपण त्यातून वाचतो. कामाला लागा म्हटल्यावर पंप कुठे गेले, सबवेवर माणूस उभा राहिला का, हे विचारायचं सोडून आपण ऊन पडलं म्हणून हसत बसतो, आणि प्रशासनालाही ते बरंच असतं.

अमेरिकेचे गोडवे गायला मी बसलेले नाही. ४ जुलै २०२५ ला याच टेक्ससमध्ये ग्वाडलूप नदी पहाटेच्या अंधारात हंट गावाजवळ पाऊण तासात सुमारे २६ फूट चढली, शंभरावर माणसं गेली, त्यात शिबिराला आलेल्या शाळकरी मुली होत्या. पुराची पूर्वसूचना आदल्या दिवशी निघाली होती. तातडीचा इशारा रात्री सव्वाच्या सुमाराला आला, चौकट आखूनच. पण नदीकाठी भोंगे नव्हते आणि रात्री सव्वा वाजता डोंगराळ भागात झोपलेल्या माणसाला उठवायला फोनवर भिस्त ठेवली होती. चौकट बरोबर होती, तिच्या पुढची साखळी तुटली. आपल्याकडे १३ मे २०२४ ला हेच झालं. त्या दुपारी वादळी वाऱ्याचा इशारा होता, पण घाटकोपरला कोसळलेला १२० बाय १२० फुटांचा होर्डिंग ४० बाय ४० च्या मर्यादेत बसवायचं काम वेधशाळेचं नव्हतं. १७ माणसं गेली.

मग तिकडून काय घेण्यासारखं? महागडी रडारं नव्हेत, मुंबईत कुलाबा आणि वेरावलीला ती आहेतच. घेण्यासारखा आहे एक साधा हिशोब. इथे प्रत्येक भागासाठी आकडा ठरलेला असतो: एका तासात, तीन तासांत, सहा तासांत किती पाऊस पडला तर तिथला ओढा फुटेल. जमीन आधीच भिजलेली असेल तर तो आकडा खाली येतो. ओढा रस्त्यावरून वाहतो तिथे फुटांच्या खुणा केलेली उभी पट्टी असते, आणि ऑस्टिनच्या आसपास असे कुठले रस्ते आत्ता बंद आहेत ते कुणालाही नकाशावर दिसतं. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी उचलतं, हे शाळेपासून डोक्यात भरवतात. (तरी लोक गाडी घालतातच. पुरात बुडणाऱ्यांत निम्म्याहून जास्त गाडीतलेच.)

आपल्याकडे या हिशोबात भरतीही धरावी लागेल, म्हणून तो जास्त किचकट आहे, पण अशक्य नाही. नवी मुंबईचे कितीतरी नोड (शहराचे आखलेले भाग) भरतीच्या पातळीच्या खाली वसवलेत. शहर वसवणाऱ्या सिडकोने डच पद्धतीने धारण तलाव बांधले: भरतीला खाडीकडची झडप मिटते, शहरातलं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर पडतं. पुढे त्या तलावांत गाळ बसला, गाळावर खारफुटी उगवली, आणि उच्च न्यायालयाच्या संरक्षणामुळे परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही. न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, खारफुटी नसती तर खाडीच उरली नसती. पण गाळाने भरलेल्या तलावात आता किती पाणी मावतं हा आकडा रेड अलर्टपेक्षा वाशीकरांच्या जास्त कामाचा आहे, आणि तो मोजता येतो.

तसंच नौपाड्यात. वंदना सिनेमाच्या आसपास पाणी कधी चढतं, हे तिथल्या दुकानदारांना पाठ आहे. किती जोराचा पाऊस किती वेळ टिकला आणि खाडीला तेव्हा किती मीटरची भरती होती, यावर ते शटरखाली विटा रचायच्या की नाही हे ठरवतात, कुठल्याही अ‍ॅपशिवाय. साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा दर वर्षी पेपरात आधीच छापून येतात. पाणी साचणाऱ्या ठिकाणांची यादी महापालिकेकडे असते. पावसाचे आकडे पर्जन्यमापकांतून येतात. या तीन कागदांना एक टाचणी मारून प्रभागवार आकडा लावायला उपग्रह लागत नाही.

दादाचं यावर म्हणणं, "तो आकडा चुकला तर?" चुकेलच की कधीकधी. पण मग पुढच्या पावसाळ्याआधी तो दुरुस्त करा, असं महापालिकेला लेखी विचारता येईल. "तुरळक ठिकाणी" कसं दुरुस्त करायला सांगणार?