वावरात शेवाळ दिसलं म्हणून चुना टाकू नका

गेला महिनाभर शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतोय. मला तो तीन वेगवेगळ्या गावांतून आला. मजकूर साधारण असा: "शेतात हिरवं शेवाळ दिसलं म्हणजे जमीन आम्लधर्मी होऊन मेली समजा. हा रासायनिक खतांचा परिणाम आहे. शेवाळ पिकाचं खत खातं. एकरी पाच पोती चुना टाका, मोरचूद (कॉपर सल्फेट) फवारा, आठ दिवसांत जमीन पूर्ववत." आमच्या दौंड भागात दोघांनी चुना आणूनही ठेवला आहे. म्हणून हे तातडीने लिहितोय.

आधी आम्लाचं बघू, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथेच आहे. दौंड, इंदापूर, बारामती, शिरूरची काळी जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली. नांगरटीत चुनखडीचे पांढरे खडे वर येतात, ते सगळ्यांनी पाहिलेत. या जमिनींचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ असतो, चोपण (सोडियम वाढून घट्ट) झालेल्या तुकड्यात त्याहूनही जास्त. चुना टाकतात तो सामू वाढवायला. जो आधीच चढलेला आहे तो आणखी कशाला चढवायचा? अशा जमिनीत लोह, जस्त आणि स्फुरद (फॉस्फरस) असूनही पिकाला मिळत नाही. लोह मिळालं नाही की उसाच्या पोंग्यातली पानं पिवळट-पांढरी पडतात, त्यालाच आपण केवडा म्हणतो. म्हणजे पदरचे पैसे घालून केवडा विकत घ्यायचा.

आणि शेवाळाला चुना सोसत नाही, असं सरसकट म्हणता येत नाही. पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. श्रावणात जाऊन बघा, दोन दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यातच हिरवी मखमल उगवलेली असते. शेवाळाच्या कितीतरी जाती चुनखडीवर सुखाने वाढतात. त्यांना हवी असते ती सतत ओल, वरून मिळणारा प्रकाश आणि न हललेली, उघडी माती. मावळ-मुळशीच्या पावसाळी पट्ट्यातल्या तांबड्या जमिनी आम्लाकडे झुकलेल्या असतात, तिथे चुन्याची गरज पडू शकते. पण ते ठरवायचं सामू मोजून. शेवाळ बघून नाही.

"शेवाळ पिकाचं खत खातं" हेही खरं नाही. शेवाळाला खरी मुळंच नसतात. अकरावी-बारावीला विज्ञान शिकलेल्यांना फ्युनेरिया हे शेवाळ आठवेल. मातीला धरून ठेवायला केसासारखे मूलाभ, तेही वरच्या काही मिलिमीटरमध्ये. पाणी ते आपल्या अंगानेच शोषतं. उसाच्या किंवा कपाशीच्या मुळांशी त्याची स्पर्धा होईल, ही भीती सोडून द्या. रोपवाटिकेत मात्र प्रकरण वेगळं आहे. कांद्याच्या गादीवाफ्यावर किंवा कोकोपीटच्या ट्रेमध्ये शेवाळाची साय धरली, तर बारीक रोपाला वर यायला अडचण होते आणि तिथली कायमची ओल मर रोगाला आमंत्रण देते. तिथे पाण्याच्या पाळ्या कमी करा, हवा खेळू द्या, वरचा थर हलक्या हाताने मोडा.

खतांच्या आरोपात थोडं तथ्य आहे, पण ते दुसऱ्याच शेवाळाबद्दल. आपण दोन निराळ्या गोष्टींना एकच नाव देतो. जमिनीवरची मखमल वेगळी आणि भातखाचरातल्या पाण्यावरचा हिरवा तवंग वेगळा. स्फुरदयुक्त खत पाण्यावर फेकून दिलं की तवंग जोरात वाढतो. तेच चिखलणीत मातीत मिसळलं तर कमी. शिवाय खाचरातलं निळं-हिरवं शेवाळ हवेतला नत्र (नायट्रोजन) जमिनीत आणतं. पी. के. डे यांनी 1939 मध्येच हे भातशेतीसाठी दाखवून दिलं होतं. त्याला मारायला निघालेला माणूस फुकटचा नत्र घालवतोय.

मोरचुदाने शेवाळ जळतं, नाकारत नाही. पण ओल तशीच राहिली तर बीजाणूंतून ते पुन्हा येतं, आणि तांबं मात्र मातीत साठत राहतं. ते कुजत नाही, उडून जात नाही. गांडुळांनाही ते घातक. वर्षानुवर्षं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारलेल्या द्राक्षबागांत तर त्यात भर घालूच नये.

मग करायचं काय? शेवाळ आहे तिथे दोन फूट खड्डा खणा. वरच्या वीतभर मातीखाली कडक थर लागला, तर तो ओलीत ट्रॅक्टर फिरवून आणि दरवर्षी त्याच खोलीवर नांगरून तयार झालेला तळ आहे. पाणी तिथे अडतं आणि वरची माती सुकतच नाही. तो थर जमीन पूर्ण कोरडी असताना सबसॉयलरने (खोलवरचा थर फोडणाऱ्या अवजाराने) फोडायचा. ओल असताना फोडलात तर आणखी दाबाल. खड्ड्यात पाणी साचून राहिलं, तर आधी चर काढा. वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा पाणी निचरून माती मोकळी झाल्याशिवाय, पाणी देऊ नका, हे मी कळकळीने सांगतोय, कारण पुढचं आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) मिळेल की नाही या धास्तीने आपण कालव्याचं पाणी गरजेपेक्षा जास्त सोडतो. नीरा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला आणि 1910 पर्यंत पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे नीरा खोऱ्यातल्या क्षारपड (क्षार वर येऊन बिघडलेल्या) जमिनींचा अभ्यास करत होते. पंचवीस वर्षांत एवढं झालं होतं. त्याच कालव्यांवर आपण आजही शेती करतो. हिरवळीचं खत म्हणून ताग किंवा धैंचा गाडा, उसाचं पाचट जाळू नका. उघड्या जमिनीवरचं शेवाळ कोरड्या उन्हाच्या दिवशी कुळवाच्या एका पाळीत मोडतं.

जमीन चोपण निघाली तर उपाय जिप्समचा असू शकतो, निचरा केल्यावर. चुना आणि जिप्सम दोन्ही पांढरे, दोन्हींत कॅल्शियम, पण चढ्या सामूत चुना जेमतेमच विरघळतो. दुकानात एकाच्या जागी दुसरं घेऊ नका.

माती तपासायला देताना शेवाळाचा पापुद्रा बाजूला करा, आठ-दहा ठिकाणांहून वीतभर खोलीची माती घ्या, आणि सामू व क्षारतेबरोबर मातीत आधीच असलेल्या मुक्त चुन्याचीही तपासणी मागा. ज्या दोघांनी पोती आणली आहेत, त्यांनी अहवाल येईपर्यंत ती फोडू नयेत.