जाळरेषेवर सायकल घालणाऱ्यांनो, जरा ऐका

आज सकाळी शेजारचं पोट्टं सायकल खांद्यावर घेऊन घरी आलं. नऊ किलोमीटर पायी. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, स्पोकमध्ये गुंतलेला, चेन लोंबकळत होती, दोन्ही चाकांवर काळी माती थापलेली. वय सोळा. मायबाप चणा सोंगायला वावरात गेलेले. अन् पानठेल्यावरची चार मोठी माणसं त्याला पाहून हसत होती. तो संताप अजून उतरला नाही, म्हणून लिहितो आहे.

पोरगं निघालं होतं बोर अभयारण्याच्या बाजूच्या जंगलात, जाळरेषेवर, म्हणजे वणवा अडवायला जंगलात साफ केलेल्या पट्ट्यावर. काहून? तर मोबाइलवर कुणीतरी तसाच व्हिडिओ टाकलेला. दोन्हीकडे साग, मधोमध साफ पट्टा, वरून ड्रोन, खाली गाणं. जागा कोणती, परवानगी होती का, एक शब्द नाही. वनरक्षकाने पोराला नाक्यावरूनच परत पाठवलं, आणि योग्यच केलं.

जाळरेषा सायकलसाठी नसते हो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. त्याच्या आधी गवत कापून, वाळवून, पाळत ठेवून जाळतात, म्हणजे एका बाजूची आग दुसरीकडे जायला तिथं काही पेटण्यासारखं उरत नाही. साफ दिसते, पण कापलेल्या रायमुनियाचे (घाणेरीच्या झुडपाचे) तिरपे खुंट पानाखाली तसेच असतात आणि टायरची बाजूची भिंत चिरतात. ती चीर सीलंटने, म्हणजे टायरमधल्या भोक बुजवणाऱ्या द्रवाने, भरत नाही. शिवाय वाघ-अस्वलंही चालायला हीच मोकळी वाट धरतात. सायकलचा आवाज नसतो. वळणावर मोहाखाली खाली मान घालून फुलं खाणाऱ्या अस्वलावर तुम्ही पंचवीसच्या वेगाने जाऊन आदळलात, तर ते पळणार नाही, अंगावर येईल. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरलात तर १९२७ चा वन कायदा आहे, अभयारण्यात १९७२ चा वन्यजीव कायदा. बोर तर २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. परवानगीची वाट सोपी हवी, हे मान्य. पण ती सोपी होईपर्यंत आत जायचं नाही.

आता पांदण, म्हणजे वावरांमधली कच्ची वाट. पोरगं नाक्यावरून पांदणीने वळलं आणि रात्री अवकाळी पडून गेला होता. काळी माती ओली असली की चाकाला चिकटते, चिकटलेल्या मातीवर पुन्हा माती बसते, आणि दहा-पंधरा फेऱ्यांत फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि फ्रेमचा मागचा त्रिकोण गच्च भरतो. तिथं पोराने जोर लावून पॅडल मारलं. चेन मातीत अडकली, तिने डिरेलर ओढला, त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा, म्हणजे हँगर, वाकला आणि डिरेलर स्पोकमध्ये गेला. हँगर मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा असतो, फ्रेमआधी तो वाकावा म्हणून. त्याने त्याचं काम केलं.

पांदणीत उतरण्याआधी चिमूटभर माती बोटांत वळून पाहा. वात वळली तर आत जायचं नाही. मुरमाचा रस्ता अर्ध्या दिवसात निथळतो, काळ्या मातीला तीन-चार दिवस कडक ऊन लागतं. अडकलातच तर पहिलं काम पॅडल थांबवणं. उतरा, काडीने फोर्क, ब्रेक आणि डिरेलरची चाकं मोकळी करा, सायकल उचला आणि धुऱ्यावरून (वावराच्या बांधावरून) पायी निघा. धुऱ्यावर सायकल चालवू नका, लोकांचा हरभरा उभा आहे.

त्या पोराला एवढं कुणी सांगितलं होतं? त्याला तर हेही माहीत नव्हतं की चेन कटर आणि क्विक लिंक (तोडलेली चेन हाताने जोडायची कडी) खिशात असते तर तो सायकलवर बसून घरी आला असता. डिरेलर काढायचा, चेन तोडून लहान करायची, पुढच्या चकतीच्या सरळ रेषेत येणाऱ्या मागच्या मधल्या दातचकतीवर बसवायची, एका गिअरवर घर गाठायचं. मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर हे जमतं. सस्पेन्शन असेल तर धक्क्यागणिक चेनला लागणारी लांबी बदलते, मग चेन उतरते नाहीतर तुटते.

हवेचंही तेच. गावातला पंक्चरवाला साठ पीएसआय (हवेचा दाब) भरून देतो आणि टायर मुरमावर टणाटण उडतो. पासष्ट किलोच्या माणसाला २.१ इंच रुंदीच्या ट्यूबवाल्या टायरमध्ये पुढे २८, मागे ३१ पीएसआय पुरे. प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर जवळ ठेवा, गावात त्याचा पंप मिळत नाही. बाभळीचा काटा निघाला की टायर आतून बोटांनी हळू चाचपा. तुटलेलं टोक आतच राहतं, आणि नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते. ट्यूबलेस असेल तर आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात सीलंट वाळतं, दर सहा आठवड्यांनी उघडून पाहा. पाणी तासाला लिटरभर, आणि अकराच्या आत घरी.

दुपारी पोराजवळ बसलो. माती वाळू दिली, टिचक्या मारून पाडली, पाण्याचा जोरदार फवारा मारू दिला नाही, बेअरिंगमध्ये माती गेली असती. पोट्टं म्हणालं, “काका, रस्ता तर मोकळाच दिसत होता न.” काय बोलणार. हिंमत आहे त्याच्यात. हसणाऱ्यांनी नऊ किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन चालून दाखवावं.

हँगर मागवायचा आहे. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो आणि स्क्रूच्या छिद्रांमधलं अंतर कमेंटमध्ये टाकतो. कुणाकडे जुळणारा पडून असेल तर सांगा. रविवारी मुरमाच्या रस्त्याने त्याला घेऊन जायचं आहे.