खान्देशच्या प्रगतीत वजाबाकीचा रकाना हवा

जिल्ह्यांच्या दरडोई उत्पन्नाचे आकडे आले की आपल्याकडे तीच चर्चा सुरू होते. जळगाव कितवा, धुळे कुठे, नंदुरबार पुन्हा तळाशी का? हे आकडे खोटे आहेत असं माझं म्हणणं नाही. पण त्यात नुसती बेरीज असते, आणि ती वाचून मला खरंच राग येतो.

रावेर-यावलचंच घ्या. केळी वर्षभर शेतात उभी राहते आणि वर्षभर पाणी मागते. माल सावद्याहून दिल्लीकडे निघाला की त्याची किंमत जिल्ह्याच्या उत्पन्नात जमा. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण तिच्यासाठी सातपुड्याच्या पायथ्याचं जे पाणी उपसलं, ते कुठे वजा झालं? उलट जुना बोअर आटला म्हणून शेतकऱ्याने कर्ज काढून आणखी खोल बोअर मारला, मोठी मोटर बसवली, तर तो खर्चसुद्धा कुणाची तरी कमाई म्हणून उत्पन्नातच मिळवला जातो! ठेव मोडून खायची आणि तिला पगार म्हणायचं, असा हा हिशेब आहे. ठिबक आलं, चांगलंच झालं. पण वाचलेल्या पाण्यावर आपण पुन्हा केळीच वाढवली.

अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसपुढे राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब मांडला, तेव्हाच बजावलं होतं की एवढ्यावरून लोकांचं कल्याण ठरवता येत नाही. १९९० पासून मानव विकास निर्देशांकात आयुर्मान आणि शिक्षण आलं. नीती आयोग बहुआयामी गरिबी मोजताना पोषण, शाळा, स्वयंपाकाचं इंधन असे १२ निर्देशक बघतो. २०२१ च्या अहवालात नंदुरबारची निम्म्याहून जास्त लोकसंख्या गरीब निघाली. धडगाव-अक्कलकुव्याकडे दिवाळीनंतर घरांना कुलपं लागतात, लेकरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातात. ते हाल या मोजणीत निदान थोडे तरी दिसतात. तरीही जमिनीखाली पाणी किती उरलं आणि डोंगरावर जंगल किती राहिलं, हे त्यातही नाही.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा आठवा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी ४०० हेक्टरांहून जास्त जंगल राखलं. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. पण त्या जंगलामुळे मुरलेलं पाणी, पावसाळ्यात घरी शिजणाऱ्या रानभाज्या, यांची पावती फाटत नाही, म्हणून उत्पन्नाच्या तक्त्यात त्या जवळजवळ दिसतच नाहीत. तेच जंगल तोडून लाकूड विकलं असतं तर त्या वर्षी साक्रीची 'प्रगती' झाली असती.

आणि हे आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याखालची शेती फड नावाच्या पट्ट्यांत विभागून गावाने मिळून भिजवायची रीत, शेकडो वर्षं चालली, ती याच हिशेबावर. आधी बंधाऱ्यात पाणी किती ते बघायचं, मग किती फड भिजवायचे ते ठरायचं. शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली, त्यामुळे एखादा फड कोरडा ठेवला तरी तोटा सगळ्यांत वाटला जायचा. पाट सांभाळणारा पाटकरी पाणी द्यायचा तो गावाने ठरवलेल्या क्रमाने, कुणाच्या वजनाने नाही.

मे २०२५ मध्ये तापीचं पाणी जमिनीत मुरवण्याच्या 'तापी मेगा रिचार्ज' प्रकल्पासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात करार झाला. मला तो प्रकल्प मनापासून हवा आहे. पण जमिनीत भरलं किती आणि उपसलं किती, हे गावागावात मोजलं नाही, तर मुरलेलं पाणीही नव्या बोअरांतून वर येईल.

भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आपल्याकडे आहेतच. त्यांची मे महिन्याची पातळी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, शेजारी मागच्या वर्षीची. ऊसतोडीच्या हंगामात गावातली किती मुलं शाळेत टिकली, तेही लिहा. आणि जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत पालकमंत्र्यांनी दरडोई उत्पन्नाच्या आधी हे दोन आकडे वाचून दाखवावेत. आपापल्या जिल्हा परिषदेकडे ही मागणी लेखी द्या, मीही देतोय.