पाण्याची कॅन तशीच परत आली

परवा आमच्या वावरात कापूस वेचायला बारा बायका होत्या. सकाळीच मी वीस लिटरची कॅन धुऱ्यावरच्या बाभळीखाली नेऊन ठेवली. संध्याकाळी उचलायला गेले तर अर्ध्याहून जास्त भरलेली. डिसेंबर असला तरी दुपारचं ऊन चांगलंच चटकत होतं. मला वाटलं, पाण्याला वास येतोय की काय. तर वेचणीला आलेल्या एक मावशी म्हणाल्या, "पानी चांगलं हाय व बाई. पन पेलं का मंग जा लागते न. जाव कुठी?"

मी वावराकडे पाहिलं. सोयाबीन कधीच निघालं, तिथं चना वीतभर. पऱ्हाटी कंबरेएवढी. आडोसा काय तो तुरीच्या ओळींचा, आणि तिथं त्या दिवशी गडीमाणसं फवारत होती. नाल्यापर्यंत जाऊन यायचं तर वीस मिनिटं मोडतात. वेचणी किलोवर असते, म्हणजे तेवढ्यात दीड-दोन किलोची मजुरी गेली. म्हणून या बायका घरून निघताना एकदा जाऊन येतात आणि दिवसभर घोट-घोट पाण्यावर काढतात. माझ्याच वावरात हे इतकी वर्षं चालू होतं आणि मला दिसलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

बोलता बोलता मावशींनी पुढचं सांगितलं. रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं. दिवसा लागली की धीर निघत नाही, मोरीपर्यंत पोचायच्या आत लुगडं ओलं होतं. घरात सगळे म्हणतात वय झालं. दवाखान्यात गेल्या नाहीत. "हे का सांगाची गोष्ट हाय?"

मी दोन वर्षं हेच सहन केलंय. यवतमाळला जायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणी बंद. एसटीत चढण्याआधी लागलेली नसतानाही दोनदा जाऊन यायचं. तरी तासाभरात ओटीपोटात कळ यायची आणि पुढचा स्टँड येईपर्यंत मी दात आवळून बसायचे. एका दवाखान्यात लघवी न तपासताच गोळ्या दिल्या. चार दिवसांत बरं वाटलं की मीही बंद करायची. असं तीनदा झालं. शेवटी एका डॉक्टरबाईंनी नीट विचारलं, लघवी आणि साखर तपासली. जंतुसंसर्ग नव्हता, साखरही नव्हती. त्यांनी मला तीन दिवस वहीत लिहायला लावलं: किती वाजता गेले, किती पाणी प्याले, चहा किती. एका दिवसात मी सतरा वेळा गेले होते. दिवसाला सात-आठ वेळा, रात्री एखाद्या वेळी, इथवर काळजीचं कारण नसतं.

लघवीच्या पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिली मावतं. पण दर वेळी "निघायच्या आधी जाऊन घे" म्हणत थोडी भरली की रिकामी करत राहिलं, तर तिला तेवढ्यावरच कळ द्यायची सवय लागते. पाणी तोडलं की लघवी पिवळीजर्द होते, आतून चुरचुरते आणि कळ आणखी वाढते. म्हणजे ज्या उपायाने त्रास कमी होईल असं आपण समजतो, त्यानेच तो वाढतो. त्यात बाईची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटीमीटर, पुरुषाची २०च्या आसपास. ई-कोलायसारखे आतड्यातले जंतू आपल्याकडे लवकर वर चढतात, आणि पाणी कमी प्यालं तर धुऊनही निघत नाहीत. उन्हाळी लागली की आपण धने-जिऱ्याचं पाणी पितो. प्यावं, पोटात पाणीच जातं. पण संसर्ग असेल तर तपासणी आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या पूर्ण दिवस, याला पर्याय नाही.

या वेळी मला औषध लागलंच नाही. चहा सहा कपांवरून दोनवर आणला. कळ आली की धावत न सुटता बसायचं, लघवी रोखताना जो स्नायू आवळतो तो आवळायचा, सोडायचा, आणि दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यायची. दर आठवड्याला वेळ थोडी वाढवायची. आर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरने १९४८ साली मांडलेला हा व्यायाम स्वयंपाक करतानाही होतो. तीन महिने लागले, पण रात्रीची झोप परत मिळाली.

सगळ्यांचं दुखणं माझ्यासारखंच असेल असं नाही. कुणाला साखर असते, कुणाची पाळी जाऊन तिथली त्वचा कोरडी पडलेली असते, कुणाचं अंग, म्हणजे गर्भपिशवी, बाहेर येत असतं आणि ती वर्षानुवर्षं सांगत नाही. थंडी-ताप, कुशीत दुखणं किंवा लघवीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. गरोदर बाईने साधी जळजळही अंगावर काढू नये, दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचा धोका असतो.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी आपल्याच गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९ साली ते 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. मावशींचं "सांगाची गोष्ट हाय का" ऐकलं तेव्हा मला हेच आठवलं.

ज्याचं वावर, त्याने आडोसा केलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही काल धुऱ्यावर चार बांबू रोवले, हिरवी जाळी दुहेरी गुंडाळली, आत बादली, मग्गा आणि पाण्याचा ड्रम ठेवला. अर्ध्या दिवसाचं काम होतं. ज्यांची वेचणी अजून बाकी आहे त्यांनी करून पाहा, जाळी कमी पडली तर आमच्याकडे उरलेली आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सोमवारी मी मावशींना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जाते आहे. त्यांची त्या दिवसाची मजुरी मी देणार. गावातून आणखी कुणाला यायचं असेल तर शनिवारपर्यंत मला सांगा, गाडीत तीन जणींची जागा आहे.