मेडलवर १८३० लिहिलंय म्हणून ते १८३० चं होत नाही

गेले पंधरा दिवस एक मेसेज गावच्या, देवळाच्या, शाळेच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय, काल मामाने पण पाठवला म्हणून आता लिहायलाच बसलो. त्यात थोडक्यात असं आहे की गोव्यात शेतात जुनं ख्रिस्ती मेडल, म्हणजे गळ्यात घालायचं छोटं धार्मिक पदक, सापडलं तर १८३० साल असलेलं ओरिजिनल आणि लाखोंचं, खाली रोमा असेल तर रोमन साम्राज्यातलं, आय एच एस असेल तर १७५९ ला जेझुइट पाद्रींना हाकललं तेव्हा पुरलेल्या सोन्याची खूण, सुटी सुटी अक्षरं असतील तर करणी. वर सल्ला, चिंच-मिठाने घासा, पिवळं निघालं तर सोनं, आणि बांधाच्या आसपास खणून बघा.

सुरुवात १८३० पासून. पॅरिसच्या एका मठात कॅथरिन लाबुरे नावाच्या सिस्टरला १८३० साली सायबिणीचं, म्हणजे येशूची आई मारियेचं, दर्शन झालं अशी श्रद्धा आहे, मेडलवर साल आहे ते त्या दर्शनाचं. पहिली मेडलं पाडली तीच मुळी १८३२ ला, आणि आज कारखान्यातून निघणाऱ्या नव्या मेडलवर पण १८३० असतंच. मागच्या बाजूला मोठा एम, त्यावर क्रूस, खाली दोन काळजं, भोवती बारा तारे, हे दिसलं की समजा तेच मेडल. आता ते कधीचं ते सालावरून नाही, धातूवरून बघायचं. हातात घेतल्यावर वजनच लागत नाही, पांढरट करडं आहे, म्हणजे अॅल्युमिनियम, आणि अॅल्युमिनियम स्वस्त झालं १८८६ नंतर, त्याआधी ते असल्या मेडलला कोण वापरणार? मागे इंग्लिशमध्ये इटली छापलेलं असेल तर बहुतेक विसाव्या शतकातलं. पोर्तुगालच्या फातिमा गावची सायबीण असेल तर १९१७ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण तिथलं दर्शनच त्या सालचं. गोव्याच्या जुझे वाझ पाद्रीबाबाच्या नावापुढे संत लिहिलं असेल तर २०१५ नंतरचं, कारण संतपद तेव्हा मिळालं.

रोमा म्हणजे रोम शहर. सतराव्या-अठराव्या शतकात रोममध्ये यात्रेकरूंसाठी ढिगाने मेडलं बनायची आणि तळाला गावाचं नाव घालायचे, आपण पंढरपूरहून तुळशीमाळ आणतो तसं लोक ती गळ्यात घालून घरी न्यायचे. रोमन साम्राज्याशी काही संबंध नाही. पण अशी मेडलं खरंच जुनी असू शकतात आणि इथेच माझा जीव जळतो.

गेल्या वर्षी सरदीचं, म्हणजे पावसाळी, भात कापून झाल्यावर, वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, नांगरणी सुरू व्हायच्या आधी, माझ्या भाच्याने आमच्याच खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मेटल डिटेक्टर फिरवला. दोन मेडलं मिळाली. एक अॅल्युमिनियमचं, १८३० वालं. दुसरं अंगठ्याच्या नखाएवढं, लांबट गोल, हिरवंगार, आणि त्याची कडी आडवी होती, म्हणजे भोक समोरून मागे नाही तर बाजूने आरपार, दोरा सरळ ओवला की मेडल छातीवर सपाट बसावं असं. अशी कडी सहसा जुन्या मेडलांना असते. मी घरी पोचेपर्यंत एका नातेवाइकाने असाच कुठला तरी मेसेज वाचून ते चिंच-मिठात भिजवून ब्रशने घासलं होतं. तांब्याची घागर घासतो तसं. चकचकीत पिवळं पितळ निघालं आणि दोन्ही बाजूंचे चेहरे गेले. हिरव्या थरातच सगळी बारीक नक्षी टिकलेली असते, तो थर गेला की त्याबरोबर नाक-डोळे, अक्षरं सगळंच जातं. आता तळाला रोमाची चार अक्षरं तेवढी लागतात, संत कोण होता ते कुणीच सांगू शकत नाही.

आय एच एस हे येशूच्या ग्रीक नावातली पहिली तीन अक्षरं. जेझुइटांनी ते आपलं चिन्ह केलं हे खरं, पण त्यांची संस्था १५४० ची आणि सिएनाचा संत बेर्नार्दिन पंधराव्या शतकातच हे चिन्ह घेऊन गावोगाव प्रवचनं देत होता. कुठल्याही चर्चच्या आल्तारवर, म्हणजे वेदीवर, बघा, असतंच. १७५९ ला जेझुइटांना हाकललं हे पण खरं, पण त्यावरून खजिन्याचा नकाशा कसा काय होतो?

सुट्या अक्षरांचं मेडल संत बेनेडिक्टचं. सी एस पी बी म्हणजे लॅटिनमध्ये संत बेनेडिक्टचा क्रूस, उभ्या ओळीत पवित्र क्रूस माझा प्रकाश होवो, आडव्या ओळीत अजगर माझा वाटाड्या न होवो, कडेने सैताना मागे हो. करणी कसली, लोक ते संरक्षणासाठी घालतात. यातल्या कितीतरी मेडलांवर रोमन आकड्यात १८८० असतं, ते बेनेडिक्टच्या जन्माच्या १४०० व्या वर्षाचं, ते पण आजच्या मेडलवर सापडतं.

डिटेक्टरने सोनं दाखवलं म्हणणाऱ्यांनी बियरच्या कॅनची कडी खाली ठेवून बघावी, आकडा सोन्याच्या आसपासच येतो.

आणि बांध. खाजन भरतीच्या पाण्याच्या खाली असतं, चिखलाचा बांध आणि मानशीचं, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या मोरीचं, दार एवढ्यावरच ते तगतं. बांध फोडलात तर खारं पाणी आत येणार आणि पुढची काही वर्षं भात नाही. मेडलं बांधावर मिळतात कारण माणसं तिथेच बसून पेज प्यायची, दोरा तुटायचा. उरलेली शेतात येतात ती घरचा केर, राख, शेण यांच्या खताबरोबर. पुरून कुणी ठेवलेली नसतात.

शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, तेव्हा परदेशातल्या गिऱ्हाइकाचे मेसेज आले तर भुलू नका. सापडलं की आधी जागेवरच फोटो काढा, बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवून, दोन्ही बाजू आणि कडी पण. किती खोल होतं, कुठल्या मेरेला, म्हणजे शेताच्या कुठल्या कडेला, होतं ते लिहून ठेवा. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं म्युझियम आहे, तिथे नेऊन दाखवा. माती ओली असेल तर सावलीत सुकू द्या, मऊ ब्रशने जेवढी पडेल तेवढीच झाडा, आणि चिंचेचा डबा त्या दिवशी उघडूच नका.